रिटाने शिकवलेले प्रयोग

१२ जून १९७८, सोमवार

कुलूप उघडेना. शेवटी हरिश्चंद्र शिपायाने कडीच उचकटली. आत मोडकी बाकं, फाटके नकाशे, वटवाघळांची घाण! फादर फेबियन दारातूनच म्हणाले, "ही आपली प्रयोगशाळा, बॅप्टिस्ट सर."

मला वाटलं थट्टा करतायत. पण फादर मुख्याध्यापक झाल्यापासून थट्टा करत नाहीत. या वर्षापासून मुलांनी प्रयोग स्वतःच्या हातांनी करायचे. फळ्यावर आकृती काढून भागणार नाही.

"करवून कोण घेणार, फादर?"

"तुम्हीच. इतकी वर्षं विज्ञान कोण शिकवतंय?"

मीच शिकवतोय. पण मी बी.ए. — तोही भूगोलाचा! दुसरं कोणी घेईना म्हणून विज्ञान माझ्या गळ्यात पडलं. पुस्तक वाचायचं, पाठ करायचं, फळ्यावर उतरवायचं. परीक्षानळी म्हणून जी आकृती मी हजारदा काढली ती वस्तू कधी हातात धरलेली नाही. हे फादरांना सांगायचा धीर झाला नाही.

घरी आलो, सायकल केळीला टेकवली आणि हाक मारली — "आल्बिना!" सगळं तिला सांगायचं होतं. अर्धी हाक बाहेर पडल्यावर आठवलं. मुलगी रिटा आतून आली. पाण्याचा तांब्या ठेवला.

सहा महिने झाले. जीभ अजून ऐकत नाही.

१५ जून

मुंबईहून खोके आले. पेंढ्यात गुंडाळलेली काच. एक खोका घरी आणला — शाळेत सगळ्यांसमोर उघडायची हिंमत नव्हती. ओट्यावर एकेक वस्तू काढत होतो. रिटा तांदूळ निवडता निवडता नावं सांगत गेली. "हे चंचुपात्र. हे शंकुपात्र. हे नरसाळं — ते असं नाही धरायचं पप्पा, मोडेल."

मी बघतच राहिलो. मग लक्षात आलं — पोरीने अकरावी सायन्स केलंय. वसईच्या कॉलेजात वर्षभर हेच तर करत होती. बारावीत होती तेव्हा आई गेली. जानेवारीत एकदा विचारलं, "कॉलेजला नाही जात?" म्हणाली, "घर कोण बघेल?" पुन्हा विचारलं नाही.

आल्बिनाचं किती पटकन झालं सगळं! पोटाची तक्रार होती, अल्सर म्हणायचे. मुंबईच्या डॉक्टरचं औषध चालू होतं, रिटा सोबत जायची. दिवाळीनंतर अंथरूण धरलं आणि नाताळ पाहिला नाही. शेवटच्या दिवसांत इथल्या डॉक्टरांनी मला पडवीत घेऊन सांगितलं — कॅन्सर आहे, सगळीकडे पसरलाय. कोणालाच आधी कळलं नाही. एक दिवस आधी कळलं असतं तर... तर काय? निदान जवळ बसलो असतो. मी तेव्हा सहामाहीचे पेपर तपासत होतो.

२१ जून

रिटाची शिकवणी सुरू! विद्यार्थी एकच, वय वर्षं एकोणपन्नास.

स्पिरिटचा दिवा कसा पेटवायचा. विझवायचा तो फुंकून नाही, टोपण ठेवून. परीक्षानळी चिमट्यात तिरकी धरायची आणि सारखी हलवत राहायची. मी नळी धरली तर ती ओरडली, "तोंड कुणाकडे आहे नळीचं? उसळलं तर समोरच्याच्या डोळ्यांत जाईल!"

"समोर तर तूच आहेस."

"तेच म्हणते!"

हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा ऐकलं ते हसणं. आतल्या खोलीकडे उगाच पाहिलं मी — आणखी कोणी हसतंय का म्हणून.

२८ जून

पहिला वर्ग.

चुन्याची निवळी. पानाचा चुना पाण्यात कालवून ठेवला, वरचं स्वच्छ पाणी गाळून घेतलं, पपईच्या देठाच्या नळीने त्यात फुंकर मारायची. काल घरी माझी निवळी तीनदा गढूळ झाली, म्हणून रिटानेच करून बाटली भरून दिली.

पाचूबंदरचा सॅन्टन — नाखव्याचा मुलगा, एरवी बाकावर झोपा काढतो — तो पुढे आला. गाल फुगवून फुंकलं. "सर, पानी दूध झालं!" सगळा वर्ग त्याच्या अंगावर. मग पठ्ठ्या थांबेचना. फुंकतोय, फुंकतोय. आणि दूध पुन्हा पाणी झालं!

"सर, आता असं का?"

चोवीस वर्षं शिकवतोय — चुन्याची निवळी दुधाळ होते. पुढे फुंकत राहिलं तर काय होतं ते पुस्तकात नव्हतं, म्हणून मलाही ठाऊक नव्हतं. म्हटलं, उद्या सांगतो.

रिटाला विचारलं. जास्त वायू गेला की दुधाळपणा विरघळून जातो, म्हणाली. मी म्हटलं, "पुस्तकात नाही हे." तर म्हणाली, "दिसलं ना? मग लिहायचं. आमचे दिवाकर सर सांगायचे — आधी जे दिसलं ते, मग पुस्तक."

हे सगळं सांगताना तिचा आवाज वेगळा असतो. भाकरी थापताना असतो तो नव्हे.

९ जुलै, रविवार

चर्चमधल्या मिस्सेनंतर एमिलीबाय घरी आली. माझी मोठी बहीण — आल्यावर आधी डबे उघडून बघते. मग मुद्द्यावर. सिप्रियन म्हणून मुलगा आहे, मुंबईत कंपनीत कामाला, घरची वाडी आहे. "पोर अठराची झाली, बॅप्टिस. आई नाही. तूच बघायला पाहिजेस."

रिटा आतूनच म्हणाली, "आत्या, मला नाही करायचं. पप्पांना कोण बघेल?"

एमिलीबाय माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघत राहिलो. खरं लिहायचं तर — बरं वाटलं मला. पोर जात नाहीय, बरं वाटलं. कसला बाप!

१८ जुलै

हायड्रोजन!

जस्ताचे तुकडे, वर पातळ केलेलं सल्फ्युरिक. पातळ करायचं घरून पाठ करून गेलो होतो. रिटाने तीनदा म्हणून घेतलं — "अ‍ॅसिड पाण्यात. पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. म्हणा." म्हटलं. मुलांकडूनही म्हणून घेतलं, प्रार्थनेसारखं.

बुडबुडे आले. नळीच्या तोंडाशी चंद्रकांताने पेटती काडी नेली. ही फुलांच्या वाडीतली मुलगी, रोज एक गजरा माळून येते आणि वर्गात शब्द बोलत नाही. आणि — फट्!

पण फट् नव्हतंच ते. कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसं काहीतरी. चोवीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो — 'फट् असा आवाज करून जळतो.' आवाज आज ऐकला. चंद्रकांता दचकली, मग हसली, मग म्हणाली, "सर, मी परत करू?"

मला तिथेच रडायला आलं. खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. आल्बिना रात्री जेवताना विचारायची, आज काय शिकवलंत? मी रोज काहीतरी सांगायचो आणि ती ऐकायची. सगळं पुस्तकातलं. आज पहिल्यांदा सांगण्यासारखं काही होतं.

रिटाला सांगितलं. तिने भुंकून दाखवायला लावलं. दाखवलं.

४ ऑगस्ट

आज आल्बिनाचा वाढदिवस. रिटाने आईची निळी साडी उन्हात घालून परत घडी करून ठेवली.

२२ ऑगस्ट

हात भाजलाय, डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाचता येईल की नाही देव जाणे.

सोडियम. रॉकेलच्या बाटलीत असतो. रिटाला विचारलंच नाही — अंगात आली होती हुशारी! आठवड्यामागून आठवडे प्रयोग यशस्वी, मुलं खूश, फादर खूश. वाटलं, आता काय, आता येतंय मला. चण्याएवढा तुकडा कापून पाण्याच्या काचपात्रात टाकला. सूं सूं करत पाण्यावर नाचायला लागला. मुलं टाळ्या वाजवतायत. आणि मग धडाका! काचपात्राला उभी चीर, टेबलावर आग, पाणी सगळीकडे. मुलांना भिंतीशी उभं केलं होतं म्हणून वाचली. माझ्या उजव्या हातावर आणि कपाळावर उडालं.

फादर धावत आले. मुलांना काही झालं नाही ना ते बघितलं. मग एवढंच म्हणाले, "सर, पुरे झालं आता."

घरी आलो. रिटाने हात पाहिला आणि पांढरीफटक पडली. हात धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली. मग एकदम ओरडली — कधी ओरडत नाही ती. "मिरीच्या दाण्याएवढा! त्याहून मोठा नाही! विचारायचं नाही का मला? तुम्हाला काही झालं असतं तर? मी काय करायचं होतं?"

आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. मोठ्याने. आई गेली तेव्हाही अशी रडली नव्हती. मी दारात उभा. आत जावं की नाही कळेना.

२५ ऑगस्ट

रिटा आज माझ्याबरोबर शाळेत आली! स्वतःच. मला न विचारता फादरांच्या ऑफिसात गेली, म्हणाली, "प्रयोग बंद करू नका, फादर. प्रयोगाच्या दिवशी मी येत जाईन. पप्पा शिकवतील, मी हातांकडे लक्ष ठेवीन."

फादरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "ये."

८ सप्टेंबर

मारियेचा सण. नवीन भाताची कणसं देवळात आशीर्वादाला नेली. आल्बिना दर वर्षी कणसांची जुडी बांधायची, लाल दोरा लावून. या वर्षी रिटाने बांधली. दोरा लाल मिळाला नाही.

काल वर्गात रिटाला बघत होतो. साडीचा पदर खोचलेला, हातात परीक्षानळी, भोवती वीस डोकी. सॅन्टनला सांगतेय — "घाई नको, थेंब मोज." चंद्रकांता आता बडबड करायला लागलीय. तिने जास्वंदीचा रस करून आणला होता — लिंबाने गुलाबी, चुन्याने हिरवा. रिटा मुलांइतकीच हरखली. मी कोपऱ्यात उभा होतो आणि मला एकदम समजलं — ही घरी बसवायची पोर नव्हे. मी बसवलीय. भात शिजवायला.

जूनमध्ये तिला परत कॉलेजात घालणार. ठरलं.

६ ऑक्टोबर

सांगितलं तिला. मला वाटलं होतं आनंदेल.

"नको."

"अगं, बारावीच तर राहिलीय. मी सकाळी भात टाकून जाईन, मासे तेवढे—"

"पप्पा, नको म्हटलं ना."

"आईला किती वाटायचं तू शिकावीस—"

भाकरी तव्यावर टाकून उठली. "आईचं नाव घेऊ नका यात. मला कॉलेजला जायचं नाही. त्या लॅबमध्ये मला पाय ठेवायचा नाही."

आमच्या लॅबमध्ये ठेवते. त्या लॅबमध्ये का नाही? तिथे काही झालं का? कोणी काही बोललं? विचारलं तर कळशी घेऊन विहिरीवर निघून गेली. भाकरी करपली, तीच खाल्ली दोघांनी.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. सिमेट्रीत सगळं गाव. प्रत्येक क्रुसाला झेंडूची माळ, मेणबत्त्या. आल्बिनाच्या शेजारी जागा मोकळी आहे, ती माझी. फादर पाणी शिंपडत गेले. रिटा आईच्या डोक्याशी गुडघे टेकून बसली ती उठेचना. लोक निघून गेले. शेवटी म्हटलं, "चल, मेणबत्त्या विझल्या."

म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा. मला आईशी बोलायचंय."

मी फाटकाशी थांबलो. काय बोलत होती कोण जाणे. मला तर काही बोलता येत नाही तिथे. नुसतं वाटतं की एवढ्या घाईने का गेलीस. न सांगता.

२२ नोव्हेंबर

आज दुपारी वसईच्या कॉलेजात गेलो होतो. निमित्त प्रयोगाच्या शुद्ध मोरचुदाचं — आमचा संपला होता. खरं म्हणजे बघायचं होतं, रिटा तिथे जायला का नको म्हणते.

दिवाकर सर तरुण आहेत, तिशीचे असतील. मी नाव सांगितलं तर उठून उभे राहिले. "रिटाचे वडील! कशी आहे हो ती? फार चांगला हात होता तिचा. मी अजून मुलांना सांगतो, ब्युरेट अशी धरायची — रिटा धरायची तशी."

मग थोडं थांबून म्हणाले, "तुमच्या मिसेसचं ऐकलं नंतर. वाईट झालं. पण रिटाने फार सोसलं. ऑगस्टमध्ये माझ्याकडे आली, म्हणाली, सर, आईला कॅन्सर आहे, आता येणार नाही. मी म्हटलं, थांब, सवलत मिळवू. पण नाही आली."

मी म्हटलं, "जानेवारीत."

"नाही हो. ऑगस्टमध्ये. गेल्या वर्षीच्या. गणपतीच्या आधी."

मोरचुदाची बाटली त्यांनी दिली ती हातात तशीच होती. सायकल कुठे लावली होती ते आठवेना. दोन वेळा फाटकाबाहेर जाऊन परत आलो.

ऑगस्टमध्ये! आल्बिना तेव्हा रोज स्वयंपाक करत होती. वाडीत अबोली खुडत होती. आणि माझी मुलगी रोज सकाळी पिशवी घेऊन निघायची, मी बघायचो — कॉलेजला चाललीय. कुठे जायची? कुठे बसायची दिवसभर?

२३ नोव्हेंबर

विचारलं. सकाळीच, चहाच्या वेळी.

पेला खाली ठेवला तिने. मग म्हणाली, "तुम्ही शाळेत गेलात की मी परत यायची. आईला दुपारी फार दुखायचं. इंजेक्शन द्यायला शिकले होते मी."

"मला का नाही सांगितलं?"

ती पेला उचलून मोरीकडे वळली.

"रिटा. मी तिचा नवरा होतो. मला का नाही सांगितलं कोणी?"

"आईने शपथ घातली होती. म्हणाली, पप्पांना सांगायचं नाही. त्यांना झेपणार नाही."

शाळेत गेलो. दोन तास घेतले. काय शिकवलं ठाऊक नाही.

२६ नोव्हेंबर

झेपणार नाही! एकवीस वर्षं एका ताटात जेवलो. माझे आई-वडील तिने आणि मीच मातीआड केले. पहिला मुलगा पाळण्यात गेला तेव्हा त्याला हातांवर घेऊन सिमेट्रीत मीच गेलो, ती अंथरुणाला खिळलेली होती. तेव्हा झेपलं ना मला?

आल्बिना, ऑगस्टपासून शेवटपर्यंत माझ्याशी अल्सर-अल्सर खेळलीस. मी रोज पेपर तपासत बसलो, तू आतल्या खोलीत दात आवळून पडलीस, आणि जेवताना विचारत होतीस — आज काय शिकवलंत!

एवढा परका होतो मी तुला?

९ डिसेंबर, शनिवार

आल्बिनाच्या वर्षाची मिस्सा. फादरांनी तिचं नाव घेतलं. मी वेदीपाशी कम्युनियन घ्यायला गेलो नाही. एमिलीबायने बघितलं. मिस्सेनंतर सगळे कबरीकडे गेले, मी सायकल घेऊन घरी आलो.

रिटा खूप उशिराने आली. फुलं परत आणली नव्हती, म्हणजे तिथे ठेवली. माझ्याकडे एकदा पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग आत गेली.

१४ डिसेंबर

मोरचूद तापवला आज वर्गात. निळेशार खडे — केळीवर, पानवेलीवर फवारायला सगळ्यांच्या घरात असतात, मुलांना काही अप्रूप नव्हतं. परीक्षानळीत तापवत गेलो तसा निळा रंग उडत गेला. खाली पांढरी भुकटी. नळीच्या काठाला पाण्याचे थेंब. "सर, निळं कुठं गेलं?" नळी थंड झाल्यावर रिटाने पाण्याचा एक थेंब सोडला. निळं परत! मुलं ओरडली. चंद्रकांताने विचारलं, "बाई, किती वेळा असं करता येतं?" रिटा म्हणाली, "कितीही."

आम्ही दोघं वर्गात बोलतो — नळी द्या, दिवा विझवा. घरी नाही.

२५ डिसेंबर

नाताळ. एमिलीबायने करंज्या पाठवल्या. रिटाने येशूजन्माचा गोठा केला नाही, मीही म्हटलं नाही. मिस्सेला दोघं वेगवेगळे गेलो.

७ जानेवारी १९७९, रविवार

आज फोटो काढला भिंतीवरून. लग्नातला. रोज ताटावर बसलं की ती समोर, तीच हसरी — आज काय शिकवलंत म्हणणारी. सहन होईना. कपाटात साड्यांच्या खाली ठेवला.

रिटा विहिरीवरून आली. भिंतीवर जिथे फोटो होता तिथे चौकोनी उजळ डाग राहिलाय. त्याच्याकडे बघत उभी राहिली, कळशी कमरेवर. पाणी सांडत होतं पदरावर, तिला कळत नव्हतं.

"हे काय केलंत पप्पा?"

"तिने मला नवरा मानलं नाही. मी काय करू तिला भिंतीवर लावून?"

जेवली नाही ती आज.

९ जानेवारी

शाळेतून आलो तर फोटो परत भिंतीवर. रिटा त्याच्या खाली जमिनीवर बसलेली. मी चपला काढायच्या आत बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

"आईने शपथ घातली नव्हती. मी खोटं बोलले. आईला ठाऊकच नव्हतं, पप्पा. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, घरचं मोठं कोण आलंय? मी म्हटलं, मीच. तेव्हा आईला बाहेर बसवून त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं. उपाय राहिलेला नाही, वडिलांना घेऊन ये. घरी आलो तर तुम्ही पेढे आणले होते — तुमच्या वर्गाचा दहावीचा निकाल लागला होता. आई इतकी हसत होती. म्हटलं, उद्या सांगीन. मग रोजच म्हटलं, उद्या."

आल्बिना शेवटपर्यंत अल्सरच समजत होती. तिने माझ्यापासून काहीही लपवलं नव्हतं.

सतरा वर्षांची होती ही. दोघांनाही जपत होती आणि तिला विचारणारं कोणी नव्हतं.

तिच्याजवळ जमिनीवर बसलो. म्हणाली, "रागवा ना, पप्पा."

कोणावर रागवू?